विमानाच्या मॉडेलवर कॅमोफ्लाज: मास्किंगपासून टेप काढेपर्यंत, खान्देशच्या हवेत

जळगाव, धुळे, भुसावळकडची मंडळी मला रंगवलेली मॉडेलं दाखवतात, तेव्हा बिघाड तेच ते असतात. टेपबरोबर खालचा रंग उठून आला. हिरवा रंग टेपखाली शिरला आणि करड्यावर करवतीसारखे दाते पडले. किंवा टेप काढल्यावर दोन रंगांच्या मधे नखाला लागेल असा बांध उभा राहिला. सगळ्यांचं म्हणणं एकच, "भाऊ, टेप खराब निघाली." मग महागडी टेप मागवतात आणि पुढचं मॉडेलही तसंच बिघडतं. दहातल्या आठ वेळा टेपचा दोष नसतोच. खालचा रंग पुरता वाळलेला नसतो, किंवा जी कड मऊ हवी तिथे टेप लावलेली असते.

उदाहरणाला १/७२ मापाचं हॉकर हंटर हे लढाऊ विमान घेतो. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला जैसलमेरहून उडालेली हीच विमानं, त्यामुळे आपल्याकडे हे किट कुणाच्या ना कुणाच्या कपाटात असतंच. वरून गडद हिरवा आणि गडद करडा, खालून चंदेरी किंवा फिका करडा. ऑगस्ट १९४१ नंतरचं स्पिटफायर करत असाल, म्हणजे वर डार्क ग्रीन व ओशन ग्रे आणि खाली मीडियम सी ग्रे, तरी पायऱ्या याच.

१. आधी कड ठरवा

रंगाची बाटली उघडण्याआधी कागद घ्या. मॉडेलवर दोन रंग जिथे जिथे भेटतात, तिथे कड कशी हवी ते लिहून काढा.

कडक कड म्हणजे सुरीनं कापल्यासारखी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बॉम्बरांवर दोन हिरव्यांचे सरळ रेषांतले तुकडे असायचे, ते या प्रकारातले. इथे टेप. मऊ कड म्हणजे कारखान्यात स्प्रेनं मारलेली, लांबून स्पष्ट आणि जवळून किंचित धूसर. हंटरवरची नागमोडी नक्षी बहुतेक वेळा अशीच दाखवतात. इथे पोस्टर चिकटवायच्या पुट्टीची दोरीसारखी वळी, नाहीतर पृष्ठभागापासून किंचित उचललेला कागद. तिसरा प्रकार ठिपक्या-डागांचा, तो मोकळ्या हातानंच मारायचा. त्याला मास्किंग, म्हणजे नको तो भाग झाकणं, नाही, म्हणून तो इथे सोडून देतो.

मऊ म्हणजे किती मऊ, इथे सगळे घसरतात. खऱ्या विमानावर दोन रंग इंचभर एकमेकांत मिसळले असतील, तर १/७२ वर तो पट्टा ०.३५ मिलिमीटरचा होतो. मोबाइलच्या सिमकार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, तिच्या निम्म्याहून कमी. १/४८ वर साधारण अर्धा मिलिमीटर. मोकळ्या हातानं मारलेल्या कडेत साडेतीन मिलिमीटरचं धुकं सहज येतं. ७२ नं गुणलं की ते खऱ्या विमानावर पाव मीटर होतं. अशी मॉडेलं फोटोत खेळण्यासारखी का दिसतात, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

२. सामान

पिवळी जपानी कागदी टेप: तामिया या कंपनीची ६, १० आणि १८ मिलिमीटरची रुळं मिळतात. एकच घ्यायची तर १० ची घ्या, बारीक पट्ट्या आपण कापू शकतो. गाडी रंगवणाऱ्यांच्या दुकानातली सुरकुत्यांची टेप स्वस्त असते, पण तिचा गोंद जोरदार आणि कड जाड. कडेपासून लांबचा भाग झाकायला ती चालेल, कडेवर नको.

पुट्टी: भिंतीवर पोस्टर चिकटवायची, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती.

सुरी आणि काच: नवं पातं आणि जुन्या फोटोफ्रेमची काच. रुळाच्या दोन्ही कडांना धूळ आणि केस चिकटलेले असतात. म्हणून टेप काचेवर चिकटवायची, पट्टीच्या आधारानं कडेचा अर्धा-एक मिलिमीटर कापून टाकायचा आणि ती ताजी कड वापरायची. बहुतेक जण ही पायरी गाळतात. रंग आत शिरण्याचं अर्धं कारण तिथेच असतं.

बाकी किरकोळ: बटर पेपर, लाकडी टूथपिक, सुई नसलेली दोन मिलिलिटरची सिरिंज, मगरचाप लावलेल्या बांबूच्या काड्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली तरी सापडेल.

एअरब्रशला, म्हणजे कंप्रेसरच्या हवेनं रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या बंदुकीला, ०.३ मिलिमीटरची सुई पुरते. तोंडाला सेंद्रिय वाफा अडवणारा काडतुसाचा मास्क हवा. रुमाल किंवा कापडी मास्क रंगाचे कण थोडेफार अडवेल, थिनरची वाफ नाही.

शेवटची वस्तू फुकटची: एक पडीक मॉडेल. जे काही पहिल्यांदा करायचं ते आधी त्याच्यावर.

सावध: हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रशची धातूची वाटी धुवायला ठीक. तामियाच्या रंगाच्या बाटलीत ते पातळ करायला घालू नका. प्लास्टिक वितळतं, पॅनलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा बुजतात आणि ते परत येत नाही.

३. हवा बघून वेळ ठरवा

परदेशी मार्गदर्शनात "खोलीच्या तापमानाला" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे काय ते आपल्यालाच माहीत. पारा ४५ च्या घरात गेला की अॅक्रिलिकचे थेंब एअरब्रशमधून निघून मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच सुकतात. पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. असल्या खरखरीत रंगावर टेप नीट बसत नाही आणि पुढचा रंग तिच्याखाली शिरतो. म्हणजे टेप लावण्याच्या दोन दिवस आधीच ती फसलेली असते.

उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ हीच रंगवायची वेळ. थिनर थोडं जास्त घ्या आणि रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब टाका. त्याहून जास्त टाकलं तर रंग दिवसभर चिकट राहतो.

कूलर बंद. एकतर तो धूळ आणि वाळ्याची कुसं उडवतो, दुसरं म्हणजे खोली दमट करतो. दमट हवेत लॅकर (जोरदार थिनरवरचा रंग) मारलं की वर पांढुरकी साय धरते. जुलै-ऑगस्टात कूलर नसतानाही हेच होतं. पाऊस लागून असेल तर लॅकर आणि वार्निश पुढे ढकला. कंप्रेसरची पाणी पकडणारी वाटी त्या दिवसांत दर पंधरा मिनिटांनी रिकामी करा. नाहीतर ऐन कडेवर पाण्याचा थेंब थुंकला जातो. हिवाळ्यात उलटं: डिसेंबरातल्या सकाळी रंग घट्ट असतो, दहा वाजेपर्यंत थांबा.

वाळवणं सावलीत. मे महिन्यात गच्चीवर बिबडे आणि कुरडया दिवसभरात कडक होतात, म्हणून मी एकदा मॉडेलही तिथेच ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून वर स्टीलचं पातेलं पालथं घालून. संध्याकाळी उचललं तर पंखाच्या मागच्या पातळ कडेला लाट आलेली. आता उन्हाळ्यात माझी मॉडेलं कपाटात, प्लास्टिकच्या डब्याखाली वाळतात.

४. धुणं आणि प्रायमर

भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून कोमट पाण्यात, मऊ टूथब्रशनं धुवा. पाण्यातून काढल्यावर फडक्यानं पुसू नका, निथळू द्या. त्यानंतर मॉडेल उघड्या बोटांनी धरायचं नाही. मे महिन्यात तर घामेजलेल्या बोटांचे ठसे प्रायमरखाली राहतात आणि नेमके तिथूनच रंग सोलून येतो.

प्रायमर लॅकरचाच मारा, विशेषतः वर वालेहोसारखा पाण्यातला अॅक्रिलिक जाणार असेल तर. पाण्यातला रंग उघड्या प्लास्टिकला फक्त पापुद्र्यासारखा धरून असतो. टेपच्या एका ओढीत सलग साल निघते, केळ सोलावं तशी.

तपासा: प्रायमर दुसऱ्या दिवशी पोटाच्या न दिसणाऱ्या जागी नखानं हलकेच खरवडा. ओरखडा पांढरा उमटला पण रंग उठला नाही, तर ठीक. उठला तर धुण्यापासून पुन्हा.

चाकांच्या खोबणी आणि हवा आत घेणारी तोंडं याच वेळी बंद करा. हंटरची तोंडं पंखाच्या मुळाशी आहेत आणि आतली बाजू फिकी रंगवायची असते. म्हणून आधी आतला रंग, मग ओलसर टिश्यूचा बोळा, वरून टेपचा तुकडा.

५. खालचा फिका रंग

फिक्याकडून गडदाकडे जायचं. फिका रंग गडदाला झाकायला तीन-चार हात घेतो आणि तेवढ्या हातांचा बांध तयार होतो. गडद रंग फिक्याला दीड हातात झाकतो.

तामियाचा रंग असेल तर एकास एक ते एकास दीड थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय. सिरिंजनं मोजा, अंदाजानं नको. उद्या दुरुस्तीला तेच मिश्रण लागणार आहे. पहिला हात धुक्यासारखा, प्रायमर दिसत राहील असा. पाच मिनिटांनी दुसरा, जरा ओलसर. तिसरा लागला तर.

पंखाच्या पुढच्या कडेवरून रंग थोडा वर येऊ द्या, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) बाजूंवर हव्या त्या रेषेच्या तीन-चार मिलिमीटर पुढे जाऊ द्या. जास्तीचा भाग नंतर वरच्या रंगाखाली झाकला जातो. कमी पडला तर प्रायमरची करडी फट राहते आणि ती शेवटपर्यंत लक्षात येत नाही.

खालून चंदेरी मारत असाल तर तिच्यावर पारदर्शक वार्निशचा एक पातळ हात हवाच. चंदेरीतले धातूचे कण टेपच्या गोंदाला चिकटून येतात.

आता थांबायचं. आपल्या हवेत रंग दहा मिनिटांत बोटाला लागेनासा होतो आणि वाटतं, वाळला. वरची साय तेवढी वाळलेली असते. खालचं थिनर अजून बाहेर पडायचं असतं आणि सायीनं त्याची वाट अडवलेली असते. उन्हाळा असो की हिवाळा, तामियाला एक पूर्ण दिवस, पाण्यातल्या अॅक्रिलिकला दोन, इनॅमलला किमान दोन, बरं तर तीन.

तपासा: डब्यात झाकून ठेवलेलं मॉडेल उघडून लगेच नाक जवळ न्या. थिनरचा वास येत असेल तर टेप लावू नका. घड्याळापेक्षा मी या वासावर भरवसा ठेवतो.

६. खालचा भाग झाकणं

टेप रुळावरून काढून थेट मॉडेलवर नको. आधी काचेवर लावून कड कापली, की एकदा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा स्वच्छ सुती कापडाला लावून उचला. गोंदाचा जोर कमी होतो.

वळणावर टेप ताणून बसवायची नाही. ताणलेली टेप लावताना छान बसते, पण अर्ध्या तासात आपल्या मूळ लांबीला परत येऊ बघते. कड उचलली जाते आणि आपल्याला दिसतही नाही. वळणासाठी दीड-दोन मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या कापा, त्या सहज वाकतात. आधी बारीक पट्टीनं रेषा आखून घ्या, मग तिच्या आत रुंद टेप, मग उरलेल्या पोटाला कागद. कागदाच्या सगळ्या बाजू टेपनं बंद करा. एक बाजू मोकळी राहिली तर एअरब्रशच्या वाऱ्यानं कागद फडफडतो आणि आतल्या हवेबरोबर रंगही आत जातो.

टूथपिकच्या बोथट टोकानं कड दाबत जा, विशेषतः जिथे ती पॅनलच्या रेषेवरून जाते. पॅनलची रेषा म्हणजे टेपखालून जाणारी तयार पाटचारीच. दाबल्यावर टेप किंचित गडद, पारदर्शक दिसू लागते. ज्या ठिकाणी फिकट दिसतेय तिथे खाली हवा आहे.

आता कड बंद करायची. ज्या रंगावर टेप लावली तोच रंग, म्हणजे इथे खालचा फिका, टेपच्या कडेवरून अगदी पातळ मारा. शिरायचं असेल ते याच वेळी शिरेल आणि तोच रंग असल्यानं दिसणार नाही. वीस मिनिटांनी वरचा रंग. दाते पडल्याची तक्रार या एका हातानं बंद होते. ही युक्ती कडक कडेलाच, पुट्टीच्या वळीला तिचा उपयोग नाही.

७. वरचा करडा

दोन्हींपैकी फिका तो आधी, म्हणजे करडा. तामियात डार्क सी ग्रेसाठी एक्सएफ-५४ आणि हिरव्यासाठी एक्सएफ-८१ आहे. ब्रिटिश रंगपट्टीवर हा करडा ६३८ आणि हिरवा ६४१, दुसऱ्या कंपनीचा रंग घेताना हे आकडे जुळवून बघा. १/७२ साठी मी दोन्हींत थोडा फिका करडा मिसळतो. लहान वस्तूवर तोच रंग जास्त गडद वाटतो. हे माझं मत, न पटल्यास सोडून द्या.

करडा संपूर्ण वरच्या भागावर मारा. "हिरवा येणार तिथे कशाला वाया घालवू" असं करून जागा सोडू नका. हिरव्याचा पडदा सगळीकडे सारखा बसायला खाली एकच रंग हवा.

परत पूर्ण दिवस थांबा.

८. नक्षी उतरवणं आणि वळ्या

या पायरीला घाई केली की मागचं सगळं वाया. मी एक अख्खी रविवार सकाळ हिच्यासाठी ठेवतो.

किटबरोबरच्या सूचनापत्रातलं चित्र मॉडेलच्या मापाचं असेलच असं नाही. हंटरचा पंखविस्तार १०.२६ मीटर. १/७२ वर तो १४२.५ मिलिमीटर होतो. सूचनापत्रातलं वरून दिसणारं चित्र पट्टीनं मोजा. समजा ९५ मिलिमीटर भरलं. १४२.५ भागिले ९५ म्हणजे १५० टक्के. झेरॉक्सवाल्याला "दीडशे टक्के" एवढंच सांगा आणि पाच-सहा प्रती काढा, कापताना फसतातच. प्रत मॉडेलवर धरून पंखाची टोकं जुळतात का ते बघा. झेरॉक्स मशीन कधी कधी एक-दोन टक्के इकडेतिकडे करतं.

बाजूच्या चित्रांचं वेगळं. फ्यूजलाज गोल आहे, कागद सपाट. बाजूच्या चित्रात रेषा जिथे दिसते तिथे ती गोलाईवर पडत नाही. म्हणून आधी पंख आणि पाठ वरच्या चित्रावरून आखा, मग बाजूच्या चित्राकडे बघत बघत रेषा खाली आणा. खुणा मऊ पेन्सिलीनं, हिरवा येणार त्या बाजूला, म्हणजे झाकल्या जातील.

आता पुट्टी. थंडीत ती लगेच वळते, उन्हाळ्यात बोटांना चिकटते आणि मॉडेलवर ठेवल्यावर बसकण मारते. त्यावर उपाय: अर्धा तास फ्रिजमध्ये. माझ्याकडे ती लोण्याच्या वाटीशेजारी निळ्या गोळ्यांच्या रूपात असते. शिरपूरहून आलेल्या मावशीनं एकदा झाकण उघडून विचारलं होतं, "हाई काय शे?" तेव्हापासून डब्यावर चिठ्ठी आहे.

काचेवर तळहातानं वळ्या करा, १/७२ साठी अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या. जाडी सगळीकडे सारखी हवी. जिथे वळी जाड तिथे कड जास्त धूसर, जिथे बारीक तिथे कडक, आणि एकाच रेषेत दोन्ही आलं की डोळ्याला खुपतं. वळी पेन्सिलीच्या खुणेवर ठेवा आणि टूथपिकनं फक्त जागेवर ढकला. वरून दाबू नका. दाबलेली वळी चपटी होते, तिची गोलाई जाते आणि टेपसारखी कड मिळते. मऊपणा सगळा त्या गोलाईतून येतो.

ज्याला वळ्या जमत नाहीत त्यानं झेरॉक्सच्या प्रतीतून आकार कापावेत आणि कागदाखाली कडेपासून दोन मिलिमीटर आत पुट्टीचे बारीक गोळे लावावेत, कागद जेमतेम मिलिमीटरभर उचलला जाईल असे. सपाट पंखावर हे झकास चालतं. गोल फ्यूजलाजवर कागद कुठेतरी जास्त उचलला जातो, तिथे वळीच बरी.

वळीच्या आतला करडा भाग टेपच्या तुकड्यांनी भरून काढा. तुकडे वळीच्या पाठीवर चढवा, कडेच्या बाहेर डोकावू देऊ नका.

आणि आता एक काम, हसू नका. बॉलपेननं प्रत्येक झाकलेल्या भागावर "क" लिहा, करड्याचा क. मी एकदा तीन तास खपून सगळी नक्षी झाकली आणि एअरब्रश भरताना लक्षात आलं की उजव्या पंखावर हिरव्याची जागा झाकली आहे. पूर्ण पंख उलटा. तेव्हापासून लिहितो.

तपासा: पंखावरचा पट्टा जिथे फ्यूजलाजला भिडतो तिथे तो पुढे फ्यूजलाजवर चढतो का? दरवाजे, फ्लॅप, शेपटीचे पंख यांवरून रेषा सलग जातात का? मोबाइलवर वरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि चित्राशेजारी धरा. हातातल्या मॉडेलवर न दिसलेली चूक फोटोत लगेच दिसते.

वळ्या लावल्या की त्याच दिवशी रंगवा. आपल्या उन्हात रात्रभर राहिलेली पुट्टी तेल सोडते, करड्यावर तेलकट पट्टा उमटतो आणि त्याच्यावर हिरवा धरत नाही. विजेचं वेळापत्रकही बघून घ्या. अर्धा पंख झाल्यावर कंप्रेसर बंद पडणं म्हणजे काय, ते मी भोगलंय.

९. हिरवा

दाब खाली, १२ ते १५ पीएसआय. मिश्रण पातळ, एकास दीड ते दोन. जास्त दाबाला वारा वळीखाली घुसतो आणि रंग आत नेतो.

एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा, सगळ्या रेषेभर. उघड्या बाजूनं वळीकडे तिरका मारलात तर रंग गोलाईखाली शिरतो आणि कड पेन्सिलीच्या खुणेच्या पलीकडे सरकते. वळीच्या मागून तिरका मारलात तर वळीची सावली पडते, कड अलीकडे येते आणि धुकं रुंदावतं. गोल फ्यूजलाजवर काटकोन सांभाळायचा तर हात नाही, मॉडेल फिरवावं लागतं. बांबूच्या काडीचा उपयोग इथे.

आधी कडेलगत बारीक, जवळपास कोरडे तीन-चार हात. कड भरली की मधला भाग जरा ओलसर हातानं. उलटं केलंत तर मधला ओला रंग वाऱ्यानं ढकलला जाऊन वळीपाशी साचतो. टेप काढल्यावर बोटाला लागणारा बांध असाच होतो. हिरवा झाकला गेला की थांबा. "अजून एक हात" मागणारं मन प्रत्येकाला असतं.

१०. उघडणं

वळ्या रंग बोटाला लागेनासा झाला की लगेच, म्हणजे अर्ध्या तासात काढा. सरळ वर उचला, घासत ओढू नका. पुट्टीचा कण राहिला तर दुसऱ्या पुट्टीच्या गोळ्यानं टिपून घ्या.

टेपही त्याच दिवशी. पूर्ण कडक झालेल्या रंगाची टेपवरची साय आणि मॉडेलवरची साय एक होते, मग टेप ओढली की कड दातेरी फाटते. टेप स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, कडेपासून लांब, मुंगीच्या चालीनं ओढा. वर उचलून ओढली तर सगळा जोर खालच्या रंगावर येतो. कुठे रंग उठतोय असं वाटलं तर थांबा आणि दुसऱ्या टोकाकडून या.

मे महिन्यात एकदा अमळनेरला लग्नाला गेलो आणि टेप चार दिवस मॉडेलवरच राहिली. परत आलो तर कागद सुटून आला आणि गोंद पोटावर राहिला. ताज्या टेपचा गोळा करून टिपत टिपत तो काढला, दोन संध्याकाळी गेल्या, आणि चंदेरीवरचा डाग शेवटी परत रंगवावाच लागला.

११. दुरुस्ती

काहीतरी राहणारच. पण आज नाही, उद्या. ओल्या रंगावर केलेली दुरुस्ती आणखी एक दुरुस्ती मागते.

कडेला बांध असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून दोन-चार वेळा कडेच्या दिशेनं फिरवा, आडवा नको. हिरव्याचं धुकं करड्यावर गेलं असेल आणि खालचा करडा पुरता वाळलेला असेल, तर तेही याच पेपरनं जातं. जात नसेल तर करड्याच्या उरलेल्या मिश्रणात आणखी थिनर घालून, १० पीएसआयला, मोकळ्या हातानं धुकं झाकत जा. मिश्रण मोजून केलेलं असल्यानं रंग जुळतो. रंग सालपटासारखा उठला असेल तर उठलेल्या जागेची कड पेपरनं पिसासारखी पातळ करा, प्रायमरचा ठिपका द्या आणि तेवढाच भाग पुन्हा झाका. सालपटाच्या खड्ड्यात ब्रशनं रंग भरू नका. तो खड्डा ग्लॉस (चकचकीत वार्निश) मारल्यावर दुप्पट दिसतो.

कड एखाद्या ठिकाणी मिलिमीटरभर चुकली असेल तर सोडून द्या. खऱ्या विमानांवरही नक्षी एकसारखी नसायची.

१२. ग्लॉस, डीकॅल आणि कॅनोपी

मॅट (बिनचमकीच्या) रंगावर थेट डीकॅल, म्हणजे चिन्हांची पातळ चिकटपट्टी, लावली की तिच्याखाली हवा अडकते आणि भोवती चंदेरी झाक येते. म्हणून आधी ग्लॉसचे दोन पातळ हात, एक दिवस थांबून डीकॅल, आणि डीकॅल सुकल्यावर सगळ्यावर मॅट. पावसाळ्यात मॅट मारायला कोरडा दिवस शोधा. मॅटला साय धरली तर सगळं कॅमोफ्लाज राखेसारखं दिसतं.

कॅनोपीच्या (वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाच्या) काचा मात्र अगदी सुरुवातीला, प्रायमरच्याही आधी झाकायच्या. टेप काचेवर दाबा, चौकटीची उंचवट्याची रेष टेपमधून दिसते. नव्या पात्यानं, जोर न लावता, तिच्या कडेकडेनं कापा. पातं बोथट असेल तर जोर लावावा लागतो आणि काचेवर ओरखडा येतो, त्याला इलाज नाही. चौकटीवर पहिला हात कॉकपिटच्या आतल्या रंगाचा, तो काचेतून आतल्या बाजूनं दिसतो. मग प्रायमर आणि बाहेरचे रंग बाकी विमानाबरोबर. कॅनोपीवरची ही टेप मॅट वाळल्यावर, सगळ्यात शेवटी काढायची. चार दिवस झाले तर तिच्यावर लक्ष ठेवा: दर दोन दिवसांनी एक कोपरा उचलून गोंद सुटत नाही ना ते बघायचं आणि परत दाबायचा. टूथपिकच्या टोकानं कोपरा सोडवा, सुरीनं नाही.